ओळखीच्या रस्त्यावरचा कॅमेरा

नागपूरच्या जुन्या वस्तीत कॅमेरा बाहेर काढला की ओट्यावरचं एखादं म्हातारं माणूस विचारतंच, "कोनाचा पोट्टा होय रे तू?" फोटो कशाचा, कशासाठी, हे नंतर. आधी घर, आडनाव, मोहल्ला. सांगितलं की दुवा सापडतो. कोणाची आत्या आमच्या गल्लीत दिलेली असते, कोणाचा भाऊ माझ्या काकांसोबत मॉडेल मिलमध्ये कामाला असतो. मग चहा येतो, आणि ज्या उजेडासाठी मी थांबलेलो असतो तो चहा संपेपर्यंत भिंतीवरून सरकून जातो. वर्तमानपत्राचा छायाचित्रकार म्हणून उमेदीची सगळी वर्षं मी या शहरात काढली आणि नेमून दिलेल्या कामातून उरलेला वेळ रस्त्यावर घालवला. आता केस पिकल्यामुळे पोट्टा म्हणत नाहीत, काकाजी म्हणतात. विचारपूस मात्र तशीच चालू आहे.

मी ज्या पुस्तकांवरून हे काम शिकलो ती अगदी वेगळं सांगत होती. त्यात सगळ्यांत वरचं नाव होतं फ्रान्सच्या ऑन्री कार्तिए-ब्रेसाँचं. आपल्याकडे कोणाचं लक्ष जाऊ नये म्हणून त्यांनी आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकले होते. 1952 साली त्यांचं जे पुस्तक आलं, त्याच्या इंग्रजी नावामुळे 'निर्णायक क्षण' ही कल्पना जगभर पसरली. छायाचित्रकाराने गर्दीत विरून जायचं, क्षण आला की टिपायचा आणि पुढे निघायचं. पॅरिसला ते जमत असेल, मुंबईत चर्चगेटच्या बाहेरही जमतं. आमच्या नागपुरात, बडकस चौकात नाही जमत. तिथे पाच मिनिटं एका जागी उभं राहिलं की पानठेलेवाला हाक मारतो, "क्या भाऊ, पेपर में छपेंगा क्या?" आणि आजूबाजूचे सगळे वळून बघतात.

म्हणून इथे लपण्याचा मार्ग मी सोडला आणि तिथेच राहण्याचा धरला. एकाच गल्लीत, एकाच वेळेला, पुन्हा पुन्हा जायचं. पहिल्या वेळी लोक केस नीट करतात. नंतर नंतर विचारतात, "याच्यात काय हाये काढासारखं?" आणि पुढे विचारायचंही सोडतात. तराजू तोलायला लागतात, भांडायला लागतात, दुपारी शटर अर्धं ओढून झोपतात. जो फोटो पाहून परगावचा माणूस म्हणतो की यांना कॅमेऱ्याचा पत्ताच नव्हता, त्यातल्या बहुतेकांना माझा पत्ता, आडनाव आणि माझ्या मुलीची बारावीची टक्केवारी ठाऊक असते. लहान शहरातल्या नकळत घेतलेल्या फोटोमागे ही ओळख असते, आणि माझ्या मते त्यातली कविताही तिथूनच येते. कॅमेऱ्यासमोरचा माणूस स्वतःच्या घरी असल्यासारखा रस्त्यावर बसलेला असतो.

नागपूरला लहान शहर म्हटलेलं काहींना आवडणार नाही. हे मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या राजधानीचं शहर होतं. 1956 साली ते राजधानीपण गेलं, आणि पुढे महाराष्ट्रात आल्यावर उपराजधानीचं नाव मिळालं. रुंद रस्ते, मोठमोठे बंगले, झिरो माइलचा खांब आणि त्याच्याजवळचे चार दगडी घोडे, हा सगळा थाट राजधानीचा आहे. चाल मात्र आसपासच्या गावांची. सकाळी कॉटन मार्केटात भाजी घेऊन येणारी माणसं रात्रीच गावाहून निघालेली असतात, आणि दहा वाजेपर्यंत त्यांचा दिवस संपलेलाही असतो. पोत्यावर पोतं टाकून ती तिथेच आडवी होतात. त्या बाजारात मला शहर आणि गाव वेगळं काढता आलं नाही, आणि काढावं असंही वाटलं नाही.

उजेडाबद्दल थोडं सांगतो, कारण आमचं सगळं काम त्याच्यावर. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की नागपूर दिवसातून दोनदा जागं होतं, एकदा पहाटेपासून दहापर्यंत आणि पुन्हा दिवेलागणीनंतर. मधला वेळ रस्ते पांढरे पडतात. फिल्मच्या दिवसांत 400 च्या रोलवर दुपारी छिद्र 16 वर आणि वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागावर ठेवायचा. मीटर बघायची गरजच नसे. सावल्या इतक्या काळ्या पडत की त्यात उभा असलेला माणूस दिसेनासा होई. शिकलेले लोक म्हणतात अशा उन्हात फोटो काढू नये. मला तेच ऊन आवडतं. दुपट्ट्याने डोकं, कान, तोंड सगळं गुंडाळलेली माणसं, खिशात कांदा ठेवून निघालेला पोस्टमन, पाणपोईच्या लाल कापड गुंडाळलेल्या रांजणाजवळ ओंजळ धरलेले हात. अलीकडे सिग्नलवर हिरव्या जाळ्या टांगतात. त्यांच्या सावलीत सगळ्या गाड्या पांढऱ्या पट्ट्याच्या कितीतरी मागे, दाटीवाटीने थांबतात आणि पुढे रस्ता मोकळा राहतो. नागपूरच्या उन्हाळ्याचा याहून खरा फोटो मला माहीत नाही.

गल्ल्यांसाठी मी 35 मिलिमीटरची लेन्स ठेवली. छिद्र 11 वर आणि फोकस अडीच मीटरवर ठेवला की दीड मीटरपासून सात मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. मग फक्त पाय चालवायचे. लांबच्या लेन्सने दुरून फोटो घेता येतात, पण दुरून घेतलेला माणूस फोटोतही दूरच राहतो. दीड मीटरवर उभं राहायचं तर बोलावं लागतं, नमस्कार करावा लागतो. इतवारीत किराण्याची पोती वाहणाऱ्या हमालांनी मला पुष्कळदा दटावलंय, "बाजूले व्हा ना जी, डोक्यावर पडंल." त्या दटावण्यातही आपलेपणा आहे.

वर्तमानपत्राला अशा फोटोंची गरज फारशी नसते. पुढारी, अपघात, पूर, परीक्षेचा निकाल. चेहरा समोरून हवा, आणि ओळीत उभ्या असलेल्यांची नावं डावीकडून उजवीकडे. ते काम मी मन लावून केलं, ते खालचं काम आहे असं मला कधीच वाटलं नाही. पण बातमी नसलेल्या दिवसाचा फोटो कोण जपणार, हा प्रश्न मला एम्प्रेस मिलने घातला. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी सुरू केलेली ही गिरणी 2002 मध्ये बंद झाली. बंद होण्याचे फोटो सगळ्यांकडे आहेत. फाटक, कुलूप, घोषणा. पाळी सुटल्यावर जेवणाचे रिकामे डबे सायकलच्या मुठीला लटकवून, एका हाताने विडी पेटवत घरी निघालेल्या माणसांचे फोटो शोधायला गेलं तर हाताशी फार थोडे लागतात. ते रोज घडत होतं, म्हणून कोणी काढलं नाही. माझ्याजवळ थोडे निगेटिव्ह आहेत, कारण माझा रस्ता तिथून जात होता.

सणाच्या दिवशी उलटं असतं, सगळे कॅमेरे एकाच जागी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, आणि नागपूरबाहेरच्या वाचकाला ही मिरवणूक डोळ्यांसमोर आणणं कठीण आहे. काळी मारबत 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची असं सांगतात. बांबू, कागद, कापडाच्या या भल्यामोठ्या बाया वस्तीतल्या लोकांनी खपून बनवलेल्या असतात. काळीचा संबंध भोसले घराण्यातल्या बाकाबाईंशी जोडतात. सोबत बडगे असतात. त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आलेला असेल त्याचा पुतळा. महागाई, रोगराई, भ्रष्टाचार, कधी परदेशचा एखादा पुढारी. रोगराई आणि पीडा घेऊन जा असं मारबतीला ओरडून सांगत इतवारीतून माणसांचा लोंढा निघतो. नेहरू पुतळ्याजवळ काळी आणि पिवळी समोरासमोर येतात. त्या घटकेला छायाचित्रकारांना उभं राहायला जागा नसते. पाटीवर, टेम्पोच्या टपावर, दुकानाच्या छज्ज्यावर, सगळीकडे लेन्सा.

पेपरसाठी तो फोटो मीही घेतला. पण एका वर्षी गर्दीच्या रेट्याने माझं तोंडच उलट्या दिशेला झालं आणि मारबतीकडे पाठ करून मी उभा राहिलो. समोर इतवारीतली तिमजली घरं. प्रत्येक खिडकीत, गच्चीत, जिन्यात माणसं. एक बाई कडेवरच्या तान्ह्या बाळाचे दोन्ही हात जोडून धरते आहे. तिच्यामागे सासूबाई, कमरेवर हात, चेहरा कडक, पण डोळे भरलेले. खालच्या मजल्यावर तिजोरीच्या दुकानाचा मालक आपल्या नोकराला खांद्यावर घेऊन उभा आहे, नोकर कमी उंचीचा म्हणून. सोन्याचांदीच्या दुकानाबाहेर हवालदार टोपी काढून मान वर करून बघतोय. त्या दिवसापासून माझी मारबत पाठमोरीच असते. ज्या गोष्टीकडे सगळं गाव बघतं तिच्यापेक्षा बघणारं गाव मला जास्त सांगतं. गावाचा राग, भीती, श्रद्धा, नव्या सुनेची पहिली मारबत, म्हाताऱ्याची कदाचित शेवटची, सगळं त्या गच्च्यांवर असतं.

त्याच दिवशी दुपारी महालात चितारओळीत जावं. तीन दिवसांवर गणेशचतुर्थी आलेली असते. ओल्या मातीचा वास, हॅलोजनचे दिवे, गणपतींच्या रांगा, आणि डोळे रंगवणारा माणूस श्वास धरून बसलेला. तिथे मी बोलत नाही, शटरही तो ब्रश उचलेपर्यंत दाबत नाही. संध्याकाळी तान्हा पोळा. सजवलेले लाकडी बैल ओढत पोरं घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. कोणाचा बैल मोठा यावरून भांडणं होतात, चाकं निखळतात, बाप रस्त्यावर बसून खिळा ठोकतो. नोकरी मिळालेला, चष्मा लावलेला, इस्त्रीच्या कपड्यातला बाप आपल्या पोराच्या बैलाचं चाक दगडाने ठोकतोय, असा एक फोटो माझ्याजवळ आहे. माझ्या सगळ्या कामातला तो मला सगळ्यांत प्रिय.

ओळखीतून फोटो घेण्याची माझी रीत मला वाटे माझीच आहे. मग सेवाग्रामच्या एका फेरीत कनु गांधींच्या फोटोंपुढे उभा राहिलो. नागपूरहून सेवाग्राम पाऊणशे किलोमीटर. गांधीजी 1936 साली तिथे राहायला आले. कनु हा त्यांच्या पुतण्याचा मुलगा, आश्रमात पत्रव्यवहार आणि हिशोब सांभाळणारा तरुण. त्याला फोटो काढायचे होते. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले आणि त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. गांधीजींनी तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, मला असे बसा तसे उभे राहा म्हणायचं नाही, आणि आश्रम यासाठी पैसा देणार नाही. माझ्या मते मराठी मुलखातली न सांगता, न सजवता फोटो काढण्याची सगळ्यांत थोर शाळा ही. त्या तीन अटी पाळून कनुने गांधीजींच्या हत्येपर्यंतची सुमारे दहा वर्षं टिपली.

ब्रेसाँही गांधीजींना भेटले होते. ती भेट 30 जानेवारी 1948 ची, हत्येच्या अगदी थोडा वेळ आधीची, आणि त्यानंतरच्या दिल्लीचे त्यांचे फोटो जगाने पाहिले. ते मोठेच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण कनुच्या फोटोंतले गांधीजी काहीच करत नाहीत असेही पुष्कळदा दिसतात. वाचताना, चालताना, विचारात, थकलेले. घरातल्या पोरासमोर माणूस जसा थकतो तसे. रोलायफ्लेक्स पोटाजवळ धरायचा असतो आणि वरून त्याच्या काचेत मान खाली घालून बघायचं असतं. फोटो काढणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्यामागे जात नाही, आणि समोरच्यापुढे त्याची मान झुकलेली राहते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे मीही एक जुना पोटाजवळचा कॅमेरा मिळवला. त्याने घेतलेल्या फोटोंत माणसं माझ्याकडे वेगळ्या, सैल नजरेने बघतात.

कनुला नकारही मिळाला. 1944 साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या, तेव्हा त्यांच्या अखेरच्या क्षणांचे फोटो गांधीजींनी घेऊ दिले नाहीत. घरातल्या मुलालाही मर्यादा होती. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाच्या आवारात रात्री अंथरूण टाकून झोपलेल्या नातेवाइकांचे फोटो मी घेत नाही. पदराने तोंड झाकलं की कॅमेरा खाली. कोणी "नको" म्हटलं तर घेतलेलाही पुसून टाकतो, त्याच्या डोळ्यांदेखत. विदर्भातलेच, अकोल्याचे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं त्यांच्यात वावरून काढले. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या फोटोंत घाण आहे, पण तिच्यात उतरलेल्या माणसाचा मान कुठेच गेलेला नाही. गरिबीचा फोटो काढायला निघालेल्या तरुणांना मी ते फोटो बघायला सांगतो.

दीक्षाभूमीवर हा प्रश्न दरवर्षी समोर येतो. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली, आणि दसऱ्याला आजही लाखो माणसं येतात, रस्त्याच्या कडेला, दुभाजकावर, शाळांच्या ओट्यावर राहतात. थकून झोपलेल्या माणसांचे फोटो सोपे असतात. मी पुस्तकांच्या दुकानांच्या रांगेत उभा राहतो. एकदा पांढऱ्या लुगड्यातल्या एका आजीने पुस्तक घेतलं, पैसे मोजून दिले आणि ते माझ्यापुढे धरलं, "बाबू, काय लिवलं हे, वाच बरं." मी नाव वाचलं. "नातीसाठी घेतलं," ती म्हणाली, आणि पुस्तक गाठोड्यात, भाकरीच्या फडक्याच्या वर, नीट सपाट ठेवलं. "काढू का फोटो, आजी?" "काढ ना." तिने गाठ मारायचं काम थांबवलं नाही. विचारून घेतलेला तो फोटो माझ्या न विचारता घेतलेल्या पुष्कळ फोटोंपेक्षा सहज आहे.

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आणि मोर्चे. घोषणांचे फोटो लवकर आटोपतात. खरं काम पोलिसांनी मोर्चा अडवल्यानंतर सुरू होतं. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला माणसं खाली बसतात, चपला काढून त्यांच्यावर बसतात, ठेचा-भाकरी उघडतात. गडचिरोलीहून आलेली अंगणवाडी सेविका यवतमाळच्या बाईला लोणचं देते. सरकारकडे काय मागायला आलो ते दोघीही तेवढा वेळ विसरलेल्या असतात. हे फोटो कधी छापून आले नाहीत. मी ते तारखेसकट ठेवले आहेत.

मोबाइल आल्यावर रस्ता बदलला, असं माझे जुने सहकारी हळहळून सांगतात. लोक आता विचारतात, "रील काढून राहिले काजी?" आणि बोटं वर करतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. पूर्वी कॅमेरा फक्त माझ्या हातात होता, आता सगळ्यांच्या हातात आहे. फुटाळा तलावावर पोरी एकमेकींचे फोटो काढतात तेव्हा मी त्यांना नाही, फोटो काढून झाल्यावर स्क्रीनवर डोकं भिडवून बघतात ते टिपतो. चिंता दुसरीच आहे. ही सगळी चित्रं फोनसोबत हरवतात. माझे निगेटिव्ह कपाटात पाकिटांत आहेत, प्रत्येकावर जागा आणि साल. त्यांच्यावर बुरशी येऊ नये म्हणून पावसाळ्यात सिलिकाच्या पुड्या बदलत राहतो.

एक पद्धत मी सुरुवातीपासून पाळली: ज्याचा फोटो चांगला आला त्याला प्रिंट नेऊन द्यायची. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी लोक प्रिंट बघून नाराज होत. महालातल्या एका पिंजाऱ्याच्या दुकानात हिवाळ्याच्या सकाळी कापसाचा धुरळा उन्हाच्या पट्ट्यात उडत होता, मशीनवर वाकलेली त्याची पाठ फक्त दिसत होती. मला तो फोटो हवाहवासा वाटला. त्याने बघितला आणि म्हणाला, "भाऊ, याच्यात माझं तोंडच नाही. मशीन दिसते." मग मुलाला आवाज दिला, केस विंचरले, दोघे ताठ उभे राहिले आणि मी दुसरा फोटो काढला. असा दुसरा फोटो मी प्रत्येकाचा काढला. माझ्या कपाटात पहिले आहेत, त्यांच्या घरात दुसरे. देवाच्या फोटोशेजारी, फ्रेममध्ये. नागपूरचं खरं चित्र हवं तर दोन्ही एकत्र लावावे लागतील.

त्या पिंजाऱ्याचा मुलगा मध्यंतरी घरी आला. वडील गेले. मशीन भंगारात विकलं, आता तो तयार गाद्या विकतो. त्याला पहिला फोटो हवा होता, मोठा करून, दुकानात लावायला. मी निगेटिव्ह शोधून स्कॅन केला, कापसाचा एकेक धागा मोकळा दिसेल इतकी मोठी प्रिंट काढली. खाली वडिलांचं नाव आणि साल टाका म्हणाला. साल पाकिटावर होतं. नाव त्याने सांगितलं, मी लिहून घेतलं.